तीन वाजून पंचावन्न मिनिटं

पहाट

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातला माणूस मुंबई बघायला निघाला, की मलकापूर नाहीतर शेगावहून रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस धरतो आणि उजाडता उजाडता सीएसएमटीला उतरतो. नातेवाइकाकडे पिशव्या टाकायच्या, अंघोळी उरकायच्या, पोहे खायचे आणि पोरांना घेऊन थेट गेटवे ऑफ इंडिया गाठायचा. त्या पोरांनी पाणी पाहिलेलं असतं ते विहिरीतलं, येळगावच्या धरणातलं, फार तर खडकपूर्णेतलं. त्यांना समुद्र दाखवायचा असतो. धक्क्यावर उभं राहून समुद्र पाहिला तर पोरांचं समाधान होत नाही. लाँचमध्ये बसून घारापुरीला जावंच लागतं.

मीही असाच गेलो होतो. पोरं पाण्याकडे बघत होती आणि माझं लक्ष पायाखालच्या फळ्यांकडे होतं. फळ्यांखाली डिझेल इंजिन चालू होतं आणि त्याची धडधड तळव्यांतून वर येत होती. विहिरीवरच्या इंजिनाचा ठोका ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला हा आवाज डोळे मिटूनही ओळखू येतो.

बुधवार, १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेसमोरच्या पाण्यात 'नीलकमल' लाँच बुडाली. पंधरा माणसं गेली. एक इंजिन चाचणीवर होतं आणि ते चालवणाऱ्यांच्या ताब्यात राहिलं नाही, म्हणून ती गेली. त्या दिवसाची गोष्ट मी घड्याळ लावून सांगणार आहे, आणि मधे थोडा वेळ तुम्हाला आमच्या विहिरीवर नेणार आहे. इंजिनाची चाचणी म्हणजे काय, हे मी तिथे शिकलो.

सकाळी ९

घारापुरीच्या लाँच सकाळी नऊच्या सुमारास सुटायला लागतात. लेणी सोमवारी बंद असतात आणि आज बुधवार आहे. गेटवेचं उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी झालं होतं, म्हणजे त्या कमानीला शंभर वर्षं पुरी होऊन जेमतेम दोन आठवडे झालेत. घारापुरी तिथून सुमारे दहा-अकरा किलोमीटरवर. लाँचला तासभर लागतो. ज्या लेण्यांना १९८७ पासून जागतिक वारशाचा मान आहे, ती बघायला जाण्याचा हा मुख्य रुळलेला मार्ग. रोज शेकडो माणसं याच पाण्यावरून जातात आणि संध्याकाळी परत येतात.

डिसेंबरात मुंबईचा समुद्र निवांत असतो. वादळ नाही, खवळलेलं पाणी नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मराठी माणसाच्या मनात बोट बुडणं म्हणजे 'रामदास'. १७ जुलै १९४७ ला, ऐन गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती आगबोट भर पावसात काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. तिथे निदान पावसाला, लाटांना आणि वाऱ्याला बोल लावता आला. १८ डिसेंबरला दोष द्यायला निसर्ग नव्हता.

दुपारच्या आत

नौदलाच्या एका वेगवान बोटीवर त्या दिवशी इंजिनाची चाचणी होती. बोटीवर सहा माणसं असणार होती, त्यांत नौदलाचे कर्मचारी आणि इंजिन बनवणाऱ्या कंपनीचे लोक. चाचणीआधी त्या इंजिनावर काय काम झालं, कोणता नट कुणी आवळला, हे चौकशीचं काम आहे, त्यात मी पडत नाही. पण काम झालेलं इंजिन पहिल्यांदा चालवायचं म्हणजे काय, ते मला सांगता येतं.

आमच्या विहिरीवर एका सिलिंडरचं पाण्याने थंड होणारं डिझेल इंजिन होतं. किर्लोस्करांनी १९४६ मध्ये खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना उभा केला आणि पुढे विदर्भातल्या विहिरी-विहिरींवर तसली इंजिनं पोचली. एका हिवाळ्यात हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत आमचं इंजिन सुरूच होईना. हँडल मारून मारून दोघांचे खांदे दुखले. सुरू झालं तर पांढरा धूर ओकायचं आणि पाण्याची धार अर्धीच यायची. आम्ही डिझेल बदललं, नोझल बदलली, फिल्टर धुतला. शेवटी चिखलीहून मिस्त्री आले. त्यांनी कशालाही हात लावला नाही, फक्त दोन-तीनदा हँडल मारायला लावलं, मान तिरपी करून ऐकलं आणि म्हणाले, "इंजिनाले इचारा ना बापू, ते सांगते." मग म्हणाले, "टायमिंग हाललं."

टायमिंग म्हणजे क्षण. सिलिंडरमध्ये पिस्टन वर येतो, हवा दाबली जाते, तापते, आणि नेमक्या क्षणी नोझलमधून डिझेलचा फवारा आत जातो. पिस्टन अगदी टोकाला पोचण्याच्या थोडं आधी. दीड हजार फेऱ्यांच्या त्या इंजिनाला तो क्षण टोकाआधी साधारण २३ अंशांवर असतो. पेट्रोलच्या इंजिनात फवाऱ्याच्या जागी ठिणगी असते, बाकी हिशेब तोच. पेट्रोलची वाफ पेटली म्हणजे लगेच सगळी जळाली असं होत नाही. तिला वेळ लागतो, धरून चालू सेकंदाचा पाचशेवा भाग. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरत असेल तर सेकंदाला ५० फेऱ्या झाल्या, म्हणजे त्या पाचशेव्या भागात क्रँक ३६ अंश फिरून जातो. तेच इंजिन ६०० फेऱ्यांवर गुरगुरत असेल तर तेवढ्याच वेळात तो सातच अंश फिरतो. म्हणून वेग वाढला की ठिणगी आणखी आधी द्यावी लागते. फार आधी दिली तर पिस्टन वर येत असतानाच वरून स्फोटाचा दणका बसतो, इंजिन ठोका देतं, सुरू करताना उलटा झटका मारतं. उशिरा दिली तर ताकद जाते, इंजिन तापतं, सायलेन्सर लाल होतो आणि न जळालेलं पेट्रोल धुराड्यात जाऊन फुटतं.

परदेशात खासगी बोटींच्या पोटात पेट्रोलवरची मोठी इंजिनं असतात. तिथले मेकॅनिक टायमिंग बघायला झगमगणारा दिवा वापरतात. पहिल्या प्लगच्या वायरला जोडलेला हा दिवा प्रत्येक ठिणगीला लखकन पेटतो आणि गरगर फिरणाऱ्या पुलीवरची खूण डोळ्यांना जागच्या जागी थांबलेली दिसते. मग डिस्ट्रिब्युटर सैल करून केसभर फिरवायचा. बोटीत एक भीती जास्तीची असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचून राहते. मोटारीतून ती खाली निघून जाते, बोटीला खालून वाटच नाही. म्हणून सुरू करण्याआधी चार मिनिटं पंखा लावून पोट रिकामं करायचं आणि कार्बोरेटरच्या तोंडावर ज्वाळा अडवणारी जाळी असलीच पाहिजे, असा तिकडचा दंडक आहे. टायमिंग चुकलेल्या इंजिनाने एकदा तोंडातून आग फेकली आणि जाळी नसली, तर पुढे सांगायला कुणी उरत नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या बोटी आणि प्रवासी लाँच बहुतेक डिझेलच्या, त्यामुळे ही एक भीती आपल्याकडे कमी.

मिस्त्रींनी पंपावरची नळी सोडली. पंपाच्या तोंडाशी डिझेल गच्च भरून आलं, आरशासारखं. मला म्हणाले, दोन्ही हातांनी फ्लायव्हील धर आणि मुंगीच्या चालीने फिरव. मी फिरवत होतो आणि ते त्या थेंबभर डिझेलकडे डोळे लावून बसले होते. जरा... जरा... आणि तो आरसा किंचित फुगला. "थांब!" फ्लायव्हीलवरची कोरलेली रेघ खुणेच्या बोटभर पुढे गेलेली होती, म्हणजे फवारा उशिरा जात होता. पंपाखाली पातळ पत्र्या असतात. पत्री वाढवली की टायमिंग लेट, काढली की आगाऊ. मागच्या वेळी कुणीतरी पंप खोलला होता आणि बसवताना एक पत्री जास्तीची घातली होती. कागदासारखी ती एक पत्री काढली. एवढाच बिघाड होता आणि त्यापायी पंधरा दिवसांचं पाणी गेलं होतं.

पंप आवळला. मी हँडल घ्यायला धावलो. त्यांनी माझा हात धरला.

"बंद कसं करशीन, ते आंधी सांग. मंग हांडल मार."

मी पंपाचा खटका दाखवला. "आन खटका अटकला तं?" मला उत्तर नव्हतं. त्यांनी गोणपाट मागवलं, पाण्यात बुडवून पिळलं आणि एअर फिल्टरजवळ माझ्या हाताशी ठेवलं. पंपाचा रॅक जर पूर्ण उघड्या अवस्थेत अडकला, तर डिझेल इंजिन आपोआप थांबत नाही. गव्हर्नरचं त्यापुढे चालत नाही, फेऱ्या वाढत जातात आणि इंजिन पळतं, पार फुटेपर्यंत पळतं. त्याला विझवायला स्विच नाही. त्याची हवा बंद करायची, हा झटपट इलाज. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. थाळ्याजवळ माझी धाकटी बहीण उभी होती. "पोरीले तिकडं बंधाऱ्यावर पाठवा." ती जाऊन उभी राहिली, तेव्हाच त्यांनी मला मान हलवून हँडल मारायला सांगितलं.

त्यांच्या शाळेचं शिक्षण किती झालं होतं मला माहीत नाही. पण इंजिन चाचणीबद्दल मी पुढे जे जे वाचलं, ते सगळं त्या दोन-तीन वाक्यांत आलेलं होतं. काम केलेल्या यंत्रावर विश्वास ठेवायचा नसतो. ते बिघडणार आहे असं धरूनच ते सुरू करायचं, आणि बिघडलं तर कुणाच्या अंगावर जाईल, ते आधी बघायचं.

दुपारी ३.१५

'नीलकमल' गेटवेवरून निघाली. खासगी मालकीची, महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे नोंदलेली लाँच. तिला परवानगी होती ८४ प्रवासी आणि ६ खलाशांची. त्या दिवशी ती त्याहून जास्त माणसं घेऊन निघाली. अपघातात सापडलेल्या दोन्ही बोटींवर मिळून ११३ माणसं होती आणि त्यांतली नौदलाच्या बोटीवरची सहा. बाकीची सगळी 'नीलकमल'वर.

वाचलेल्या प्रवाशांनी नंतर सांगितलं, की निघताना कुणाच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. मी गेलो होतो तेव्हाही नव्हतं, मीही मागितलं नव्हतं. जॅकेट लाँचमध्ये असतात, वर बांधलेली किंवा बाकाखाली. पण फोटोत ती बरी दिसत नाहीत आणि एक तासाचा तर प्रवास, असं आपण सगळेच म्हणतो.

३.३० ते ३.५०

लाँच बंदराच्या पाण्यात पुढे सरकते आहे. डावीकडे तेलाच्या टाक्यांचं जवाहर द्वीप, जुनं नाव बुचर आयलंड. याच पाण्यात नौदलाची ती बोट चाचणीच्या फेऱ्या मारते आहे. प्रवाशांना ती दिसली. काहींना वाटलं, कसरती चालल्यात. एकाने मोबाइल काढून चित्रण सुरू केलं. पुढे तेच चित्रण साऱ्या देशाने पाहिलं.

इथे विहीर आणि समुद्र यांतला फरक नीट समजून घेतला पाहिजे. विहिरीवरचं इंजिन पळालं तर ते जागेवरच पळतं, फार तर पट्टा फेकतं. मोटारीचा ॲक्सिलरेटर अडकला तर ब्रेक असतो, क्लच असतो, खाली रस्ता असतो. बोटीला ब्रेक नाही. तिचा वेग कमी करायचा म्हणजे थ्रॉटल मागे घ्यायचा, मग वाटलं तर उलटा गिअर टाकायचा. थ्रॉटल जर तुमचं ऐकत नसेल, तर हातात उरतं ते सुकाणू, आणि तेही साथ देईलच असं नाही. ३० नॉटचा वेग धरा. सेकंदाला पंधरा मीटरहून थोडं जास्त होतं ते. दोनशे मीटरवरची लाँच गाठायला तेरा सेकंद लागतात. तेरा सेकंदांत माणसाने बिघाड ओळखायचा, ठरवायचं, हात हलवायचा आणि यंत्राने तो हुकूम मानायचा. त्या बोटीचा नेमका वेग किती होता हे मी सांगत नाही. समुद्रावर तेरा सेकंद किती थोडे असतात, एवढंच दाखवतो आहे.

समोरच्या लाँचची अवस्था तर आणखी वाईट. भरलेली, जड, बैलगाडीच्या चालीची. तांडेलाने सुकाणू पूर्ण फिरवलं तरी ती सावकाश वळणार. समुद्रावरच्या वाहतुकीचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. ज्या बोटीवर चालवणाऱ्याचा ताबा उरलेला नाही, तिने दिवसा एकाखाली एक असे दोन काळे गोळे दाखवायचे असतात, म्हणजे बाकीचे दूर राहतात. समोरच्याचा इरादा कळत नसेल तर पाच आखूड भोंगे द्यायचे असतात. नियम चांगलेच आहेत. पण ताबा सुटायला आणि टक्कर व्हायला मधे काही सेकंदच असतील, तर गोळे चढवणार कोण?

म्हणून वेगवान बोटींवर एक साधी दोरी असते. तिचं एक टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला, दुसरं इंजिनाच्या खटक्याला. माणूस जागचा हलला की खटका निघतो आणि इंजिन मरतं. अमेरिकेने १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या मोटरबोटींना ही दोरी वापरणं कायद्याने भाग पाडलं. आमच्या मिस्त्रींच्या ओल्या गोणपाटाचंच हे भावंड आहे. यंत्र ऐकेनासं झालं तर त्याचा श्वास तोडायला काहीतरी हाताशी हवं.

आणि त्याच्याही आधी जागा. मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे. जिथून दिवसभर बायकापोरांनी भरलेल्या लाँच जातात, त्या पाण्यात चाचणीवरचं इंजिन वेगाने का फिरत होतं? मुंबई बंदर मोठं आहे आणि त्याबाहेर तर अख्खा अरबी समुद्र पडला आहे. आमच्या मिस्त्रींनी एका पोरीला बंधाऱ्यावर पाठवल्याशिवाय पाच हॉर्सपॉवरचं इंजिन सुरू करू दिलं नव्हतं.

३.५५

चित्रणात दिसतं ते असं. नौदलाची बोट वेगाने वळण घेते, फेसाची पांढरी कमान मागे राहते. क्षणभर वाटतं, ती निघून चालली. मग ती वळते आणि तिचं नाक लाँचकडे येतं. मोबाइल धरणाऱ्याचा हात अजून स्थिर आहे, कारण शेवटच्या क्षणापर्यंत ती बाजूला होईल असंच सगळ्यांना वाटतंय. ती होत नाही.

दुपारी ३ वाजून ५५ मिनिटांनी ती 'नीलकमल'च्या कुशीत घुसली.

४.०० ते ५.००

लाँचमध्ये पाणी शिरू लागलं. मग कुठे लाइफ जॅकेट काढली गेली. गर्दीत, कलंडत्या फळ्यांवर, घाबरलेल्या पोराच्या अंगात जॅकेट चढवून त्याचे बंद आवळणं किती अवघड असतं, ते घरी कोरड्या जमिनीवर करून बघा. लाँच एका बाजूला झुकत गेली आणि उलटली. माणसं पाण्यात पडली, काही उलट्या लाँचच्या अंगाला धरून राहिली.

आधी पोचल्या त्या जवळपास असलेल्या बोटी. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाची गस्तीची नाव जेएनपीटी बंदराकडून आली. त्या जवानांनी पुढे जे सांगितलं, ते मला विसरता येत नाही. लाँच बुडतेय म्हणून आईबाप आपली मुलं समुद्रात टाकायच्या तयारीत होते, पाण्यात तरी वाचतील या आशेने. जवानांनी ओरडून त्यांना थांबवलं आणि मोठ्यांच्या आधी पोरं उचलून घेतली. बंदरातल्या पायलट बोटीने आणि इतर प्रवासी लाँचनेही माणसं ओढून काढली. पाठोपाठ नौदलाच्या ११ बोटी, ४ हेलिकॉप्टर, तटरक्षक दलाची एक आणि सागरी पोलिसांच्या तीन बोटी शोधाला लागल्या.

पोहता येणारी माणसंही बुडतात. कपडे भिजून जड होतात, तोंडात डिझेल मिसळलेलं पाणी जातं, दुसरा बुडणारा गळ्याला मिठी मारतो. ज्यांच्या अंगावर जॅकेट असतं त्यांना पोहावं लागत नाही, नुसतं तरंगावं लागतं.

संध्याकाळ

डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. शोध अंधारात चालू राहिला. वाचलेल्यांना जेएनपीटीच्या, नौदलाच्या आणि शहरातल्या रुग्णालयांत नेलं. नातेवाईक एका रुग्णालयातून दुसऱ्यात धावत होते, कारण एकाच घरातली माणसं वेगवेगळ्या बोटींनी उचलली होती आणि वेगवेगळ्या धक्क्यांवर उतरवली होती.

७.३०

विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात चालू होतं. तिथूनच मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी साडेसातपर्यंतचा आकडा सांगितला. १३ मृत, त्यांत १० प्रवासी आणि ३ नौदलाच्या बोटीवरचे. मृतांच्या वारसांना मुख्यमंत्री निधीतून ५ लाख रुपये. नौदलाचं निवेदन थोडक्यात होतं. बोटीची इंजिन चाचणी चालू असताना इंजिनात बिघाड झाल्याने ताबा सुटला आणि ती प्रवासी लाँचवर आदळली.

इंजिनात बिघाड. हे दोन शब्द ऐकले आणि मला आमच्या जिल्ह्यातली एक रात्र आठवली. १ जुलै २०२३, रात्री दीडच्या सुमारास, समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली. ती दाराच्या बाजूवर पडली, दार जमिनीखाली गेलं, डिझेलने पेट घेतला. ३३ पैकी २५ माणसं जळाली. आठ जण वाचले. चालक वाचला आणि त्याने कारण सांगितलं, टायर फुटला. परिवहन विभागाच्या तपासणीत टायर फुटल्याची खूण सापडली नाही. दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात २४ चिता एकत्र पेटल्या. आमचा अख्खा जिल्हा त्या दिवशी गप्प होता.

तेव्हापासून पहिल्या तासात सांगितलेल्या कारणावर मी थांबत नाही. पांढरा धूर दिसला म्हणून आम्ही नोझल बदलली होती आणि दोष पंपाखालच्या पत्रीत होता. 'इंजिनात बिघाड' हे उत्तर नाही, तिथून प्रश्न सुरू होतात. थ्रॉटल अडकला की सुकाणू? इंजिन मारायचा खटका होता का, आणि त्याला कुणाचा हात पोचत होता का? पूर्ण वेग देण्याआधी कमी वेगावर ते किती वेळ चालवून बघितलं? आणि इंजिनाशी काहीच संबंध नसलेला प्रश्न, ही जागा कुणी ठरवली?

लाँचच्या बाजूचेही प्रश्न आहेत. ८४ ची परवानगी असताना त्याहून जास्त माणसं चढली तेव्हा धक्क्यावर मोजत कोण होतं? नौदलाची चूक मोठी म्हणून ही चूक धुऊन निघत नाही.

रात्री

कुलाबा पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. फिर्याद दिली ती त्या दुर्घटनेतून वाचलेल्या एका प्रवाशाने आणि गुन्हा लागला नौदलाची बोट चालवणाऱ्यावर. नौदलानेही आपली चौकशी समिती नेमली.

मला मात्र त्या रात्री बोटीवरच्या सहा जणांचाही विचार करवत नव्हता आणि सोडवतही नव्हता. त्यांतले अखेर चौघे गेले. कुणीतरी बायकोला सांगून निघाला असेल, आज ट्रायल आहे, लवकर येतो. इंजिनाचं काम करणाऱ्याला ट्रायलचा दिवस आवडता असतो. महिनाभराची मेहनत त्या दिवशी बोलते.

गुरुवार, १९ डिसेंबर

गेटवेवरून लाँच पुन्हा सुटल्या. आता प्रत्येक प्रवाशाला लाइफ जॅकेट सक्तीचं होतं. केशरी जॅकेट घातलेल्या माणसांनी भरलेल्या लाँचचे फोटो वर्तमानपत्रांत आले. आदल्या दिवशीही जॅकेट होती.

आमच्याकडे समुद्र नसला तरी बोटी आहेत. देऊळगाव राजा तालुक्यात खडकपूर्णेच्या संत चोखासागर जलाशयात रात्री रेती उपसणाऱ्या बोटी चालतात. मधोमध डिझेल इंजिन, त्याला पंप, कडेला दोन-चार मजूर. महसूल खातं त्या पकडतं, जिलेटिन लावून उडवतं, काही दिवसांनी नव्या येतात. रेतीचोरीवर पुष्कळ लिहून येतं. पण त्या बोटींवर काम करणाऱ्या पोरांच्या अंगावर जॅकेट असतं का, इंजिन पळालं तर ते कसं मारायचं हे त्यांना कुणी शिकवलंय का, हे कुणी विचारत नाही. काम बेकायदा आहे, माणसं तर आपलीच आहेत.

आणि तुम्ही यंदा सुट्टीत पोरांना घेऊन मुंबईला जाल, गेटवेवर लाँचमध्ये पाय ठेवाल, तेव्हा बसण्याआधी जॅकेट मागा. आधी पोराच्या अंगात घाला, बंद आवळा, मग तिकिटाचं बघा. लाँच भरलेली दिसली तर पुढचीला थांबा. अर्ध्या तासाने दुसरी असते.

शनिवार, २१ डिसेंबर

चौथ्या दिवशी शोधपथकाला एका सात वर्षांच्या मुलाचा मृतदेह सापडला. तो पंधरावा. ११३ पैकी ९८ वाचले होते, १५ गेले. त्यानंतर बेपत्ता कुणी उरलं नाही.